वळिवड्याची छावणी

(दृश्य: सकाळ. गांधीनगरची बाजारपेठ. टेम्पोत चढणारे कापडाचे गठ्ठे.)

लग्न ठरलं की कोल्हापूर-सांगलीकडची माणसं बस्ता बांधायला गांधीनगरला येतात. साड्यांच्या थप्प्या, गल्ल्यावर सिंधी शेठ, समोर घासाघीस करणाऱ्या मावशी. या दुकानांच्या जागी एकेकाळी अख्खं पोलिश गाव नांदत होतं, हे बस्ता बांधताना कुणाच्या मनातही येत नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. बर्फ, मालगाडी, मुलांचे चेहरे.)

१९४० आणि ४१. पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं सोव्हिएत राजवटीनं घरातून उचलली आणि सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४२ मध्ये त्यांतली काही कॅस्पियन ओलांडून इराणात पोहोचली. कर्ते पुरुष जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्यात गेले. मागं उरल्या बायका, पोरं, म्हातारी माणसं. त्यांना ठेवायचं कुठं?

जामनगरजवळ बालाचडीला पोरक्या मुलांची छावणी झाली होती. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसरी, तिच्याहून कितीतरी मोठी छावणी उभी राहिली. सुमारे ५००० माणसांची.

‘कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना बोलावलं’ असं हौसेनं सांगितलं जातं. पण तेव्हा गादीवर दोन वर्षंही न भरलेलं बाळ होतं. छावणी ठरली ती ब्रिटिश सरकार आणि लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार यांच्यात, जागा संस्थानातली. शेजार मात्र कुणाच्या हुकमानं मिळत नाही. तो दिला वळिवडे, उचगाव, चिंचवाडच्या लोकांनी.

(दृश्य: कौलारू बराकींची रांग.)

कौलारू बराकी. त्यांत आपापला संसार. शाळा, दवाखाना, चर्च, स्काउटची पथकं. नाटकं बसवली जात, समूहगान होई, पोलिश लोकनृत्यं होत. नाताळची गाणी इथं बर्फाशिवाय म्हटली गेली. बाजारात भाव करण्यापुरते मराठी शब्द पोरांच्या तोंडी बसले. आणि आयांचं सगळं लक्ष टपालाकडे, कारण १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोच्या डोंगरावर पोलिश सैन्य लढत होतं. त्याच वर्षी इटलीतच मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. दोन्हीकडच्या घरांतली वाट पाहणी एकाच युद्धाची.

१९४५ मध्ये युद्ध जिंकलं, पण या लोकांची गावं सोव्हिएत संघाच्या नकाशात गेली. परतायचं कुठं? काही पोलंडला गेले. बरेचसे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली.

रिकामी राहिली नाही. फाळणीनं सिंधमधून उखडलेली कुटुंबं इथं आली. ज्या छपराखाली पोलिश आया परतीची वाट पाहत होत्या, तिथं सिंधी आयांनी चूल मांडली. यांनाही आपल्या गावी परतीची गाडी नव्हती. वसाहतीला नाव पडलं गांधीनगर. कापडाचा धंदा वाढला, घाऊक पेठ झाली, आणि बराकी दुकानांच्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

(दृश्य: कोल्हापूर. महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ.)

सप्टेंबर २०१९ मध्ये काही पोलिश आजी-आजोबा वळिवड्याला आले. इथून गेले तेव्हा ते शाळकरी होते.

(दृश्य: वळिवडे रेल्वे स्थानक. पॅसेंजर थांबते. रिकाम्या पिशव्या घेऊन बायका उतरतात आणि गांधीनगरच्या दिशेनं चालू लागतात.)