मॉडेलमधलं बुटकं, कोरडं ठाणं

मंडळी, विषय जाहीर झालाच आहे: शहराची छपरं, भिंती, रस्ते आणि हवा यांच्यातली उष्णतेची नि ओलाव्याची देवघेव, आणि ती संगणकात मांडायची कशी. पण त्याआधी सांगा, या सभागृहात कुणाच्या घरी पाण्याचा कूलर आहे? एकही हात वर नाही. नागपुरात विचारलं असतं तर हात मोजता आले नसते.

नागपूरच्या मे महिन्यात माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं. तोच माठ ठाण्यात, कोपरीत किंवा नौपाड्यात ठेवा, पाणी जेमतेम बरं लागतं. माती तीच, पाणी तेच. वेगळी आहे ती हवेची तहान. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरा. हवा पूर्ण भरायला बाष्पदाबात, म्हणजे हवेतल्या वाफेच्या दाबात, साधारण ७७ हेक्टोपास्कलची जागा शिल्लक असते. ठाण्यात ३३ अंश आणि ६० टक्के धरा, तर जागा उरते २० ची. जवळजवळ चौपट फरक. आपलं अंग हाही एक माठच आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर उष्माघाताने माणसं गेली, तेव्हा तापमापकाचा आकडा विदर्भाच्या मानाने साधा होता. म्हणून माझा आग्रह आहे की आपल्याकडे ओलाव्याचा हिशेब चुकला, तर उष्णतेचाही चुकलाच.

हा हिशेब तसा जमाखर्चाचा आहे. जमेला ऊन, आकाशातून येणारी उष्णता, गाड्या-यंत्रांची उष्णता. त्यातली काही आकाशाकडे परत जाते; उरलेलीच्या खर्चाच्या वाटा तीन: हवा तापवणं, पाण्याची वाफ करणं, काँक्रीटमध्ये मुरणं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४.५ लाख ज्यूल लागतात. म्हणजे चौरस मीटरवरून दिवसाला एक मिलिमीटर पाणी उडालं, तर दिवसभराच्या सरासरीने २८ वॉट तिकडे गेले. भरपूर पाणी मिळालेली झाडं-गवत असतील, तर मे महिन्यात चार-पाच मिलिमीटर सहज. ते रस्त्याखाली गाडलं, की तेवढी उष्णता हवा तापवायला आणि काँक्रीटमध्ये मुरायला मोकळी.

आता माझी खरी तक्रार. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल जगभर वापरतात. त्यात शहरासाठी एकथरी छत्र-मॉडेल जोडता येतं, म्हणजे छपरांखालची सगळी हवा एकच थर मानणारं: दोन्हीकडे भिंती, मध्ये रस्ता. त्याच्या जुन्या तक्त्यात शहराचे तीनच वर्ग आहेत. इमारतींची उंची विरळ वस्तीला ५ मीटर, दाट वस्तीला साडेसात, व्यापारी भागाला १०. तयार नकाशात शहराला एकच रंग असेल, तर सगळं ठाणं दाट वस्तीत जमा होतं. घोडबंदर रोडचे तीस मजले, वागळे इस्टेटच्या पत्र्याच्या शेड, नौपाड्यातल्या जुन्या चारमजली इमारती, सगळं साडेसात मीटर! नौपाड्यात १२ मीटर उंच इमारतींमध्ये ६ मीटरची गल्ली असली, तर रस्त्याला आकाशाचा पावभागही दिसत नाही. दिवसभर साठलेली उष्णता रात्री वर निघणार कुठून? हे साडेसात मीटरच्या घरांत कळणारच नाही.

बरं, कुणी प्रामाणिकपणे ९० मीटर उंची भरली, तर काय होतं? मॉडेल बंद पडतं. कारण सरळ आहे. दाट इमारतींत वाऱ्याची ‘जमीन’, म्हणजे जिथून त्याला जमीन सुरू झाल्यासारखी वाटते ती पातळी, त्यांच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर सरकते, म्हणजे इथे ६० मीटरवर. मॉडेलचा सर्वांत खालचा थर बहुधा २५-३० मीटरवर असतो. तो इमारतीच्या पोटात जातो. मग अनेकजण उंची पुन्हा १० करतात. मॉडेल चालावं म्हणून शहर बुटकं केलं जातं! याचा मला खरोखर त्रास होतो, कारण त्याच नकाशांवर पुढे झाडं कुठे लावायची हे ठरतं. उंच भागासाठी बहुथरी मॉडेल घ्यावं, खालचे थर दाट ठेवावेत. गणनेला वेळ जास्त लागतो, तो द्यावा.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. ओलाव्याचं भराभर सांगतो.

पहिलं, पक्क्या पृष्ठभागाचा वाटा. त्याच तक्त्यात दाट वस्तीला ९० टक्के, व्यापारी भागाला ९५. वाफ जवळपास सगळी उरलेल्या पाच-दहा टक्क्यांतून. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याच्या सोसायट्यांना हा आकडा लावू नका. हिरवळ प्रभागवार मोजा.

दुसरं, ओली छपरं. मॉडेलच्या मूळ रूपात पक्क्या पृष्ठभागावरून वाफ होते ती फक्त पाऊस पडत असताना. आपल्याकडे जुलैत सर थांबली तरी गच्ची, रस्ता ओला असतो. पाणी धरून ठेवणारा पर्याय आहे, तो हाताने चालू करावा लागतो. माणसाने निर्माण केलेल्या उष्णतेचंही तेच. आकडे तक्त्यात असतात, कळ बंद असते.

तिसरं, एसी. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात खोलीतून सव्वापाच किलोवॉट काढतो आणि विजेसकट पावणेसात बाहेर टाकतो. त्याच्या नळीतून तासाला लिटरभर पाणी ठिबकलं, तर खोलीतल्या वाफेने धरलेले जवळपास ६८० वॉट गल्लीत कोरडी उष्णता होऊन आले. मॉडेलला इमारतीच्या ऊर्जेचा भाग जोडल्याशिवाय हे दिसत नाही.

चौथं, ठाण्याची खाडी. भरती-ओहोटीने ऐरोलीपासून वाशीपर्यंतचा चिखल दिवसातून दोनदा झाकला-उघडला जातो. मॉडेलमध्ये नकाशाचा तो चौकोन कायम पाणी तरी असतो, नाहीतर कायम जमीन. दुपारच्या ओहोटीला तापलेल्या चिखलावरून येणारा वारा आणि भरतीच्या पाण्यावरून येणारा वारा एक नाही. मॉडेलचा प्रत्यक्ष मोजमापांशी पडताळा घेताना भरतीचे आणि ओहोटीचे दिवस वेगळे काढा. तुलना सापेक्ष आर्द्रतेची नको, दवबिंदूची करा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड केली की दव धरू लागतं त्याची. तापमान चुकलं की सापेक्ष आर्द्रता आपोआप चुकते आणि दोष कुणाचा ते कळत नाही. तापमापक सावलीच्या, हवेशीर पेटीत, दीड-दोन मीटरवर, भिंतीपासून आणि एसीच्या तोंडापासून दूर. प्रश्न असतील तर घ्या, तोवर पडद्यावर खाडीचा नकाशा लावतो.