झाडावर आदळलेल्या मोटारीचे मोल

ऑगस्ट २०११ मधील एका संध्याकाळी, इंग्लंडच्या केंब्रिजशायर परगण्यातील ए-६०५ या रस्त्यावर एका मोटारीवरचा ताबा सुटला. ती गरगरत गेली, झाडावर आणि रस्त्याकडेच्या फलकावर आदळली आणि तिने पेट घेतला. चालक खांद्याच्या दुखापतीवर निभावला. तो चालक म्हणजे रोवन ॲटकिन्सन, ज्यांना आपल्याकडची शेंबडी पोरेसुद्धा मिस्टर बीन म्हणून ओळखतात. मोटार होती मॅकलॅरेन एफ-वन, आणि तिची दुरुस्ती करून देण्यासाठी विमा कंपनीला सुमारे ९ लाख १० हजार पौंड मोजावे लागले. एका मोटारीच्या दुरुस्तीपोटी ब्रिटनमध्ये तोवर दिली गेलेली ही सर्वांत मोठी रक्कम असल्याचे त्या वेळी सांगितले गेले.

ॲटकिन्सन यांनी ही गाडी १९९७ साली ६ लाख ४० हजार पौंडांना घेतली होती. म्हणजे नव्या गाडीला लागले नव्हते, त्याहून अधिक पैसे मोडलेली गाडी उभी करायला लागले. आपल्या ओळखीच्या हिशेबात हे बसत नाही. भारतात मोटारीचा विमा उतरवताना तिचे घोषित मूल्य, म्हणजे आयडीव्ही, वर्षागणिक उतरत जाते आणि पाचव्या वर्षी ते निम्म्यावर येते; दुरुस्तीचा अंदाज त्या मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की सर्व्हेअर गाडी ‘टोटल लॉस’ ठरवतो आणि ती भंगाराच्या वाटेला लागते. हा नियम एक गोष्ट गृहीत धरून चालतो, ती म्हणजे गाडी जुनी होते तशी स्वस्त होते.

मॅकलॅरेन एफ-वन जुनी होत गेली तशी महाग होत गेली. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनमध्ये जन्मलेले अभियंते गॉर्डन मरे यांनी ती बेतली आणि १९९२ मध्ये मोनॅको येथे ती जगासमोर आली. चालकाचे आसन मधोमध, त्याच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे एकेक प्रवासी, संपूर्ण सांगाडा कार्बन फायबरचा, मागे बीएमडब्ल्यूचे ६.१ लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन, आणि त्या इंजिनाची उष्णता परतवण्यासाठी आतून लावलेला खऱ्या सोन्याचा वर्ख. पॉवर स्टिअरिंग नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी एबीएस नाही, चाक घसरू लागल्यास सावरून घेणारी कोणतीही यंत्रणा नाही. मरे यांना चालक आणि रस्ता यांच्यामध्ये काहीही नको होते, आणि केंब्रिजशायरमधल्या त्या संध्याकाळी खरोखरच काहीही नव्हते. १९९८ मध्ये याच जातीच्या गाडीने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. सगळ्या प्रकारच्या मिळून १०६ गाड्या बनल्या आणि त्यांपैकी केवळ ६४ मूळ रस्त्यावरच्या स्वरूपाच्या होत्या.

आता विमा कंपनीच्या बाजूने पाहू. २००८ मध्येच लंडनच्या एका लिलावात अशी एक गाडी २५ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली होती. त्या तुलनेत दुरुस्तीचा खर्च फार तर एक तृतीयांशाच्या आसपास होता. गाडी निकालात काढून पूर्ण भरपाई देण्यापेक्षा ती नीट करून देणे हाच स्वस्त सौदा होता. उदारपणाचा त्यात काही भाग नव्हता. साधी वजाबाकी होती.

दुरुस्तीला मात्र वर्षाहून अधिक काळ गेला. पत्र्याची गाडी चेपली तर डेंटिंगवाला ती ठोकून सरळ करतो. कार्बन फायबर चेपत नाही; ते तडकते, किंवा त्याचे थर आतल्या आत एकमेकांपासून सुटतात आणि वरून पृष्ठभाग धडधाकट दिसत राहतो. म्हणून अशा सांगाड्याची तपासणी, डॉक्टर सोनोग्राफी करतात तशी, ध्वनिलहरींनी करावी लागते. खराब भाग कापून, राळेत भिजवलेल्या कापडाचे थर ठरलेल्या दिशांनी पुन्हा बसवून, ते दाबाखाली भाजून पक्के करावे लागतात. हे काम मॅकलॅरेनच्याच कारागिरांनी केले, आणि याला बाजारात मोठा अर्थ आहे: ज्याने गाडी घडवली त्यानेच ती पुन्हा जोडली, अशी नोंद तिच्या कागदपत्रांत कायमची राहिली.

२०१५ मध्ये ॲटकिन्सन यांनी ती विकली. तोवर ती सुमारे ६६ हजार किलोमीटर धावली होती, आणि २०११ च्या आधी १९९९ मध्येही लँकेशायरमध्ये एका चिमुकल्या मेट्रो मोटारीला तिची मागून धडक बसली होती. दोन अपघात, एक आग आणि इतकी रपेट. किंमत आली सुमारे ८० लाख पौंड.

ही किंमत नेमकी कशाची, हे समजून घ्यायचे तर याहून वाईट अवस्थेतली एक गाडी पाहावी लागेल. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे १९५४ सालच्या फेरारी ५०० मोंदियालचा लिलाव झाला. तिला गाडी म्हणणे हा निव्वळ शिष्टाचार होता. १९६० च्या दशकात अपघातात सापडून ती जळाली होती आणि त्यानंतर कित्येक दशके तशीच पडून राहिली होती. पिनिन फरिना यांच्या कारखान्यात घडलेल्या तिच्या देहाचा उरला होता तो चुरगळलेला, गंजलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. चाके नव्हती, सोबत दिलेले इंजिनही तिचे स्वतःचे नव्हते. तरीही ती १८ लाख ७५ हजार डॉलरला गेली. घेणाऱ्याने घेतला तो चॅसिसचा क्रमांक आणि त्या क्रमांकाला चिकटलेला शर्यतींचा इतिहास. बाकीचे सारे कुशल कारागीर नव्याने घडवू शकतात, पण क्रमांक घडवला तर ती बनावट ठरते.

मग नव्याने घडवलेल्या भागांत मूळ गाडी किती उरते? हा प्रश्न १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात गेला होता. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी बेंटली १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिच्यात बदल होत गेले. १९३२ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मार्गावर, वळणाच्या कललेल्या कडेवरून ती बाहेर फेकली गेली आणि तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली, तीही वेगळ्याच रूपात. तब्बल १ कोटी पौंडांचा सौदा ठरल्यावर घेणाऱ्याने हात आखडता घेतला आणि ही ती गाडीच नव्हे, असे म्हटले. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला तो वकिली कोटिक्रमाच्या पलीकडे जाऊन वाचण्यासारखा आहे. १९२९ च्या गाडीचे फार थोडे भाग तिच्यात असल्याने तिला ‘मूळ’ म्हणता येणार नाही, परंतु बदल टप्प्याटप्प्याने होत गेले, मध्ये कुठेही तिची ओळख तुटली नाही, म्हणून ती ‘अस्सल’ ओल्ड नंबर वनच आहे, असे त्यांनी ठरवले. सौदा पाळावा लागला. मूळ आणि अस्सल या दोन शब्दांत आपण बोलताना फारसा फरक करत नाही. त्या दिवशी त्या फरकाची किंमत १ कोटी पौंड होती.

ॲटकिन्सन यांच्या गाडीबाबत असा वाद उद्भवलाच नाही, कारण तिच्या प्रत्येक जखमेची तारीख, खर्च आणि उपचार जाहीर होते. या व्यवहारातील जाणकारांना अपघाताचे भय कमी आणि लपवलेल्या अपघाताचे अधिक असते.

तरीही बाजाराचा कल कुठे झुकतो, हे ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील लिलावात दिसले. तपकिरी रंगाची एक मॅकलॅरेन एफ-वन २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला विकली गेली. तिला कधी ओरखडा नव्हता, कारण तसा प्रसंगच आला नव्हता. सव्वीसेक वर्षांत ती ४०० किलोमीटरही धावली नव्हती. म्हणजे वर्षाला सरासरी पंधरा किलोमीटर, शिवाजीनगरहून हिंजवडीला एकदा जाण्याइतके, आणि तेही परत न येता.