जोतं कुणाचं?

आजचा विषय ठरलाय परागकणांची दारं. तिकडे मी येणार आहे, पण आधी कवचाबद्दल बोलू द्या. तीस वर्षं हे मनात आहे.

एम. एस्सी.ला मी जास्वंदीचे परागकण घेतले होते. नुसत्या डोळ्यांना दिसतात, इतके मोठे, अंगभर काटे. नऊ भाग ॲसेटिक अनहायड्राइड, एक भाग सल्फ्युरिक आम्ल, अशा मिश्रणात ते तापवले. ही स्वीडनच्या गुन्नार एर्टमन यांची रीत. आतला जीव आणि आतलं कवच विरघळतं, बाहेरचं तेवढं उरतं. त्याची मी मन लावून आकृती काढली. सर्वांत आतल्या थराला आकृतीत ‘नेक्झाइन’ लिहिलं आणि मजकुरात ‘एंडेक्झाइन’. परीक्षकांनी विचारलं, दोन्ही एकच का? मी म्हटलं, हो सर. त्यांनी पानभर लाल रेघ मारली. चूक माझीच होती, पण ती काय होती हे कुणी सांगितलं नाही. दोन पुस्तकं, दोन्हींत ‘आतला थर’ एवढंच. उत्तर हाती लागायला पुढे चार वर्षं गेली.

उत्तर असं: हे बाहेरचं कवच घरासारखं आहे. वर छप्पर, त्याखाली बारीक खांबांची रांग, खांबांखाली जोतं आणि जोत्याखाली भुई. लॅटिनमधले ‘टेक्टम’ आणि ‘कॉल्युमेला’ म्हणजेही छप्पर आणि छोटा खांबच. भांडण आहे ते जोत्याचं. एर्टमन आकार पाहतात. खांब संपले की नक्षी संपली, म्हणून जोतं भुईबरोबर, नेक्झाइनमध्ये. नॉर्वेचे क्नूट फेग्री रंग पाहतात. बेसिक फुक्सिन हा रंग जोत्याला खांबांसारखंच रंगवतो, भुईला रंगवत नाही. म्हणून जोतं घराबरोबर, एक्टेक्झाइन या बाहेरच्या भागात, आणि एंडेक्झाइन म्हणजे नुसती भुई. एकच थर, एकाच्या हिशोबात आतला, दुसऱ्याच्या हिशोबात बाहेरचा!

म्हणून माझा आग्रह आहे: मुलांना आधी छप्पर, खांब, जोतं, भुई शिकवा. डोळ्यांना दिसतं ते आधी, एर्टमन-फेग्री नंतर. हे शब्द मराठीत आहेत, प्रत्येक जुन्या वाड्यात आहेत. ते वापरले असते तर त्या पानावर लाल रेघ पडली नसती.

पाचच मिनिटं उरली म्हणतायत. तर दारं. परागनलिका बहुधा इथूनच बाहेर पडते. लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त असेल तर ती चर, म्हणजे कोल्पस. कमी असेल तर छिद्र, म्हणजे पोरस. सूर्यफुलाला तीन चर, प्रत्येकाच्या मध्यावर छिद्र. जास्वंदीला अंगभर छिद्रं. गवताला एकच, भोवती कडं आणि वर झाकण. बाभळीचे कण सुटे नसतातच, बहुधा सोळांचा गठ्ठा असतो. त्यावर पुन्हा कधी बोलू.

मागच्या टेबलावर ज्वारीचा कण लावून ठेवलाय. फोकस हळूहळू खाली न्या, आधी कडं दिसेल.