साशा वाल्ट्झ: ऑपेरातलं शरीर

ऑपेरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एकच चित्र येतं. भरजरी पोशाखातली गायिका रंगमंचाच्या मध्यावर येते, उभी राहते आणि गाते. नाच असलाच तर मध्येच कुठेतरी, राजवाड्यातल्या मेजवानीच्या निमित्तानं. तो संपला की नर्तक विंगेत जातात आणि गोष्ट पुढे सरकते. बर्लिनच्या नृत्यदिग्दर्शिका साशा वाल्ट्झ यांनी गाणं आणि नाच यांची ही वाटणी मोडली. कशी मोडली, तेवढंच आज बोलणार आहे.

त्यांचा जन्म १९६३चा, कार्ल्सरूहेचा. लहानपणी त्या ज्यांच्याकडे नाच शिकल्या, त्या बाई मेरी विगमन यांच्या शिष्या. म्हणजे जर्मन अभिव्यक्तिवादी नृत्याची परंपरा त्यांना फार लवकर मिळाली. पुढे ॲमस्टरडॅम, मग न्यू यॉर्क, आणि १९९३मध्ये बर्लिनला योखेन झांडिग यांच्यासोबत स्वतःची मंडळी: ‘साशा वाल्ट्झ अँड गेस्ट्स’. बर्लिनची भिंत पडून जेमतेम चार वर्षं झाली होती. पूर्व बर्लिनमध्ये मोठमोठ्या इमारती ओस पडल्या होत्या आणि कलावंत त्यांत शिरत होते. १९९६ साली या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारागिरांच्या संघटनेच्या अशाच एका जुन्या वास्तूत ‘झोफीएनझेले’ हे नाट्यगृह उभं केलं.

हे सांगण्याचं कारण असं की जागा आधी आणि नाच नंतर, ही सवय त्यांना तिथेच लागली. वास्तुकार डॅनियल लिबेस्किंड यांनी बांधलेलं बर्लिनचं ज्यू संग्रहालय अजून रिकामं होतं, प्रदर्शन मांडलेलं नव्हतं, तेव्हा १९९९मध्ये त्यांनी त्या उघड्या भिंतींमध्ये नर्तकांसोबत काम केलं. त्यातून आलं २०००चं ‘क्योर्पर’, म्हणजे ‘शरीर’. त्यातलं एक दृश्य पाहिलेला माणूस विसरत नाही. उभ्या भिंतीत काचेची एक अरुंद फट आणि तिच्यात दाटीवाटीनं कोंबलेली उघडी शरीरं, अगदी सावकाश, एकमेकांवरून सरकणारी. कुणाचा तळपाय काचेला चिकटलेला, कुणाची पाठ. दुसऱ्या एका प्रसंगात नर्तक एकमेकांना चक्क कातडीच्या वळ्यांना धरून उचलतात. शरीर सुंदर दिसावं हा हेतूच नाही. त्याला वजन आहे, त्याच्यात पाणी आहे, ते दुखतं, हे दिसायला हवं.

अशी बाई ऑपेराकडे वळली, तेव्हा ती गायकांकडेही शरीर म्हणूनच पाहणार, हे उघड होतं.

२००५ साली लक्झेंबर्गला त्यांच्या ‘डायडो अँड एनियस’चा पहिला प्रयोग झाला. सतराव्या शतकातला इंग्रज संगीतकार पर्सेल याचा हा ऑपेरा. पडदा उघडतो तो पाण्यानं भरलेल्या प्रचंड काचेच्या टाकीवर. नर्तक तिच्यात सूर मारतात, पाण्याखाली एकमेकांभोवती फिरतात, श्वासासाठी वर येतात. या ऑपेराच्या प्रस्तावनेचे शब्द उरले आहेत, संगीत मात्र हरवलं आहे. संगीतदिग्दर्शक आत्तिलिओ क्रेमोनेसी यांनी पर्सेलच्याच इतर रचना घेऊन ती जागा भरली, आणि वाल्ट्झ यांनी तिथे हे पाणी ठेवलं. राणी डायडो इथे एकटी गायिका नाही, तिच्यासोबत तीच भूमिका नाचणाऱ्याही आहेत. कथकलीत गायक मागे उभा राहून गातो आणि नट पुढे अभिनय करतो, ही रीत आपल्याला ठाऊक आहे. इथे मात्र मागे-पुढे असं काही राहत नाही. गायिका नर्तकींच्या घोळक्यात असते, कोरसही नर्तकांत मिसळून जातो, आणि आवाज नेमका कुणाच्या गळ्यातून येतोय हे काही क्षण कळेनासं होतं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामाचं मर्म इथे आहे. गाणं हीसुद्धा शरीराची हालचालच आहे, फक्त ती आत घडते.

२००७मध्ये पॅरिस ऑपेरासाठी त्यांनी फ्रेंच संगीतकार बेर्लिओझचं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ केलं. त्यात एका ठिकाणी वाद्यवृंद गप्प होतो. रोमिओ पांढऱ्या उतरत्या भिंतीवर चढू पाहतो, घसरतो, पुन्हा चढतो, पुन्हा घसरतो. ऐकू येतात ती फक्त त्याची पावलं आणि त्याचा श्वास. बेर्लिओझच्या एवढ्या भरगच्च संगीतात अशी शांतता ठेवायला धाडस लागतं.

२०११चं ‘मात्सुकाझे’ मला सर्वांत प्रिय. जपानी संगीतकार तोशिओ होसोकावा यांचा हा ऑपेरा जुना जपानी नाटककार झेआमी याच्या नोह, म्हणजे पारंपरिक जपानी शैलीतल्या नाटकावर बेतलेला आहे. समुद्रकिनाऱ्यावर मीठ काढणाऱ्या दोन बहिणी, गेलेल्या प्रियकराची वाट पाहत मेल्या तरी सुटल्या नाहीत. ब्रुसेल्सच्या प्रयोगात चित्र-शिल्पकार चिहारू शिओता यांनी काळ्या दोऱ्यांचं अवाढव्य जाळं विणलं होतं आणि गायिका बार्बरा हॅनिगन व शार्लोट हेलेकांट त्या जाळ्यात अडकून, वर लटकून गात होत्या. गायकाला पाय जमिनीवर घट्ट रोवून उभं राहायला शिकवलेलं असतं. इथे जमीनच काढून घेतली. दोघींनी ते पेललं, आणि त्या बहिणींचं अधांतरीपण आवाजातच उतरलं.

पदांच्या बाबतीत मात्र त्यांच्या वाट्याला सुख कमी आलं. बर्लिनच्या ‘राज्य बॅले’ या नृत्यमंडळीवर संचालक म्हणून त्यांची नेमणूक २०१६मध्ये जाहीर होताच तिथल्या नर्तकांनी जाहीर विरोध केला. शास्त्रोक्त बॅलेचं काय होणार, ही त्यांची भीती होती आणि ती अनाठायी होती असं मी म्हणणार नाही. वाल्ट्झ २०१९मध्ये सहसंचालक म्हणून रुजू झाल्या, पण दुसरे सहसंचालक योहानेस ओमान यांच्यासोबत २०२०मध्ये बाहेरही पडल्या.

त्यानंतर, महासाथीच्या काळात, नाट्यगृहं बंद असताना त्यांनी अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांची १९६४ची ‘इन सी’ ही रचना हाती घेतली. तिच्यात ५३ छोटे स्वरबंध आहेत. प्रत्येक वादकानं ते क्रमानं वाजवायचे, पण एकेक किती वेळा घोळवायचा हे ज्यानं त्यानं ठरवायचं. वाल्ट्झ यांनी तसेच ५३ हालचालींचे बंध रचले. प्रत्येक नर्तक आपल्या गतीनं पुढे जातो, कान मात्र वाद्यांकडे आणि डोळे शेजाऱ्याकडे. फार पुढे गेलं तर थांबायचं, मागे पडलं तर गाठायचं. २०२१मध्ये बर्लिनच्या ‘राडियालझिस्टेम’ या कलाकेंद्रातून ते थेट प्रक्षेपित झालं. हे बंध चित्रफितींवरून शिकता येतील अशी सोय त्यांच्या मंडळीनं केली आणि इतर देशांतल्या नर्तकांनीही ते बसवले. प्रत्येक प्रयोग वेगळा निघतो, कारण तो त्या दिवशीच्या माणसांनी एकमेकांकडे किती लक्ष दिलं त्यावर ठरतो.