दोन काळ्या थरांमधली तांबडी पट्टी

[दृश्य : सह्याद्रीतला एक घाट. रस्त्यासाठी कापलेली दरड. काळ्या कातळात आडवी तांबडी पट्टी.]

एसटी घाट चढायला लागली की खिडकीतून ही पट्टी कितीदा तरी दिसते. खाली काळा कातळ, वर काळा कातळ आणि मधे हातभर जाडीची विटकरी रेघ. एरवी कुणी तिच्याकडे बघत नाही. सातवीचा हा वर्ग मात्र आज तिच्यासाठीच इथं आलाय. मुलं उभी आहेत रस्त्याच्या पलीकडे, दरडीपासून लांब. घाटात खडक बघायचा तर आधी डोक्यावर काय लटकतंय ते बघावं, आणि पावसाळ्यात तर ही सहल काढूच नये.

बाई विचारतात, "यातलं आधी काय आलं?"

"खालचा दगड!"

"कशावरून?"

"खाली आहे म्हणून."

उत्तर बरोबर. घरातल्या रद्दीत सगळ्यात जुना पेपर तळाला असतो, तसंच हे. निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञानं १६६९ साली थरांच्या खडकांबद्दल हाच नियम लिहून ठेवला. सातवीतल्या मुलाला तो सांगावा लागत नाही, नुसतं दरडीसमोर उभं करावं लागतं.

"मग तांबडं कुठून आलं?"

इथं वर्ग गप्प होतो.

[दृश्य : तांबड्या पट्टीचा जवळून घेतलेला भाग. वरच्या कातळाची सरळ कड.]

खालचा लाव्हा वाहत आला आणि थिजला. मग बराच काळ नवा लाव्हा आलाच नाही. ऊन लागलं, पाऊस पडला, वरचा दगड कुजून त्याची माती झाली. काही ठिकाणी तिच्यात ज्वालामुखीची राखही मिसळली. नंतर पुढचा लाव्हा आला आणि या मातीवर पसरला. माती खालच्या खाली भाजून निघाली. तिच्यातल्या लोहाचा रंग आज आपल्याला दिसतोय.

म्हणजे ही पट्टी दोन उद्रेकांमधल्या थांब्याची आहे. पृथ्वीचा इतिहास शिकवताना नेमके हे थांबे आपण गाळतो. डायनोसॉर आले, डायनोसॉर गेले, हिमालय उभा राहिला, माणूस आला. मुलांना वाटतं, एकामागोमाग एक गाड्या सुटाव्यात तसं सगळं घडलं. पुराजीव, मध्यजीव, नवजीव ही महाकल्पांची नावं पाठ करून घेणं सोपं असतं. परीक्षेत मार्कही मिळतात. काळ मात्र त्यातून कळत नाही.

[दृश्य : विद्यार्थ्याच्या तळहातावर दगड. बारीक भोकं, काही भोकांत पांढरे मणी.]

रस्त्याकडेला पडलेला हा तुकडा बघा. चाळणीसारखा दिसतोय. तापलेल्या लाव्हातला वायू वर चढला आणि सुटायच्या आत दगड थिजला. त्यामुळं अशी भोकं बहुतेक करून थराच्या माथ्याकडे जास्त सापडतात. काही भोकं पांढऱ्या खनिजानं भरलीत. हे झिओलाइट. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतल्या खाणींतून त्याचे सुंदर स्फटिक निघतात.

बाईंचा प्रश्न तोच : आधी भोक की आधी मणी?

भोक. मग खडकातून पाणी झिरपलं, विरघळलेली खनिजं त्या पोकळीत साचली. मुठीएवढ्या दगडात तीन घटना, आणि त्यांचा क्रम एका बारा वर्षांच्या मुलीनं लावला. यात कुठंही आकडा आला नाही, हे लक्षात घ्या. तो मुद्दाम मागं ठेवलाय.

भूशास्त्राची, म्हणजे खडकांच्या अभ्यासाची, वाढही अशीच झाली. १७८८ साली जेम्स हटन हा भूशास्त्रज्ञ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंटला पोचला. तिथं उभे झालेले करडे थर आहेत आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यावर तांबडा वालुकाश्म पसरलाय. खालचे थर साचले, उभे झाले, झिजले आणि मग वरचे साचले. एवढ्याला अफाट काळ लागला असणार हे हटननं ओळखलं. किती, ते त्याला सांगता येत नव्हतं. पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं, हा आकडा क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५६ साली मांडला, तोही अशनीतल्या, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांतल्या, शिशाची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजून. मधे १६८ वर्षं गेली. मुलांना आपण आकडा पहिल्याच तासाला सांगून मोकळे होतो.

[दृश्य : राजगड. संजीवनी माची, मागे बालेकिल्ला.]

गड चढलेल्या मुलांना हा धडा पायांनी ठाऊक असतो. सह्याद्रीतले लाव्हाचे थर जवळपास आडवे आहेत. त्यामुळं राजगडावर माचीचा कातळ थोरला आणि बालेकिल्ल्याचा धाकटा. बांधकामाचं बोलत नाही, खडकाचं बोलतोय.

इथं एक गोंधळ हमखास होतो. "बाई, ज्वालामुखीचं तोंड कुठंय?" चित्रातला ज्वालामुखी शंकूसारखा असतो, म्हणून मुलं प्रत्येक टोकदार डोंगराकडे संशयानं बघतात. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला आणि चहूकडे पसरला. डोंगराचा आजचा आकार नंतरच्या झिजेनं आलाय. कळसूबाई हे ज्वालामुखीचं तोंड नाही. आजूबाजूचं झिजून गेलं आणि ती उरली.

आणि या सगळ्याच्या खाली काय? कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधन केलं. सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा हा काळा कातळ, संपला आणि खाली थेट ग्रॅनाइटसारखे खडक लागले, बेसाल्टपेक्षा कितीतरी पटींनी जुने. मधल्या एवढ्या काळाचा थरच तिथं नाही.

विदर्भातल्या शिक्षकांचं नशीब थोर. चंद्रपूरच्या कोळशामागं गोंडवन काळातली, म्हणजे डायनोसॉरच्याही आधीची, जंगलं आहेत. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं मिळतात आणि अश्मीभूत विष्ठाही. शेणाचं नाव काढलं की वर्गात हशा पिकतो, पिकू द्यावा. त्या विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि २००५ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. तोवर, डायनोसॉरच्या काळात गवत जवळजवळ नव्हतंच, अशी समजूत होती. ती शेणानं मोडली.

[दृश्य : शाळेचं मैदान. मुलं सुतळी सोडत चालली आहेत.]

आता आकडा. एक मीटर म्हणजे १० कोटी वर्षं. पृथ्वीच्या जन्मापासून आजपर्यंत सुतळी लागते साधारण साडेपंचेचाळीस मीटर, म्हणजे खो-खोच्या मैदानापेक्षा बरीच लांब. आजच्या टोकापासून मागं चालायचं. जीवसृष्टीच्या जुन्या खुणा सुमारे ३५ मीटरवर. हवेत प्राणवायू साचायला लागला २४ मीटरच्या आसपास. मधे मुलं नुसती चालतात, खूण करायला फारसं काही नसतं. कंटाळतात. कंटाळू द्यावं, या खेळातला सगळ्यात कामाचा भाग तोच. डायनोसॉर आजपासून सव्वादोन-अडीच मीटरवर येतात. दख्खनचा लाव्हा ६६ सेंटिमीटरवर. आपली माणसाची जात शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये.

"पण बाई, सहासष्ट हे कुणी मोजलं?"

हा प्रश्न येईस्तोवर थांबायचं होतं. उत्तरासाठी पुन्हा घाटात जावं लागतं, त्याच तांबड्या पट्टीपाशी. काळ्या बेसाल्टमध्ये झिरकॉन या टणक खनिजाचे कण फारसे सापडत नाहीत. तांबड्या थरांत मिसळलेल्या राखेत मात्र ते मिळाले. त्यांच्यातल्या युरेनियमचं ठरावीक वेगानं शिसं होत असतं, त्यावरून वय निघतं. अशा कणांवरून २०१५ साली मांडलेला हिशेब असा : दख्खनच्या लाव्हाचा मुख्य भाग साधारण साडेसात लाख वर्षांत बाहेर पडला.

सुतळीवर हे किती? साडेसात मिलिमीटर. कडे, माच्या, वेरूळचं कैलास ज्यातून कोरलं तो कातळ, सगळं मिळून नखाएवढं.

आणि याच नखाएवढ्या जागेत मुलांचा खरा वाद सुरू होतो. मेक्सिकोत चिक्सुलुबला लघुग्रह आदळला तोही साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच. डायनोसॉर कुणी मारले, लघुग्रहानं की आपल्या लाव्हानं? पुष्कळसे शास्त्रज्ञ आघाताकडे मुख्य बोट दाखवतात. लाव्हाचा वाटा किती, यावर अजून भांडण आहे. २०१५ च्या त्या हिशेबात मुख्य उद्रेक या विनाशाच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला होता. सुतळीवर अडीच मिलिमीटर. सुतळीला मारलेली गाठच त्याहून जाड, वाद घालायला जागाच नाही!

[दृश्य : शाळेचा व्हरांडा. फरशीवर खडूनं ओढलेली लांब रेघ.]

म्हणून दुसऱ्या दिवशी प्रमाण बदलतं. आता एक मीटर म्हणजे १ लाख वर्षं. लाव्हाला साडेसात मीटरची रेघ मिळते. एक मुलगा पट्टी घेऊन पहिल्या टोकाशी बसलाय आणि अडीच मीटरवर खडूनं फुली मारतोय. उरलेला वर्ग दोन्ही बाजूंनी उभा आहे, लाव्हावाले इकडे, लघुग्रहवाले तिकडे, आणि बाईंनी नियम एकच घातलाय : ओरडायचं तर पुराव्यासकट.