आजीचा हात आणि आरशातली चांदणी

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचा निकाल लागला की आपल्या नाशिकमधल्या कितीतरी घरांत एक संवाद होतो. मुलगी म्हणते, मला मानसशास्त्र घ्यायचंय. आणि घरचे विचारतात, म्हणजे तू आता आमच्या मनातलं ओळखणार का? मलाही हेच विचारलं होतं. तर आधीच सांगते, मानसशास्त्राच्या बी.ए.ला मनातलं ओळखायला शिकवत नाहीत. माणूस काय करतो ते नीट बघायला शिकवतात, आणि जसं दिसलं तसं लिहायला शिकवतात. जसं दिसलं तसं.

1879 साली जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हापासून हा प्रयोगाचा विषय झाला. म्हणून बी.ए.लाही प्रॅक्टिकल असतं, जर्नल असतं आणि संख्याशास्त्रसुद्धा असतं. गणित नको म्हणून इकडे वळणाऱ्यांनी एवढं ऐकून ठेवावं.

प्रॅक्टिकलसाठी एक माणूस लागतो. त्याला आम्ही 'प्रयुक्त' म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीत मला प्रयुक्त मिळेना. भाऊ पळाला, आई चकल्यांत अडकलेली. उरली पंचवटीच्या वाड्यातली आजी. तिला तेव्हा विसरायला होऊ लागलं होतं. सकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाऊन आली, तरी दुपारी विचारायची, "आज गंगेवर जायचंय ना गं?"

प्रयोग असा. कागदावर दुहेरी रेषेची चांदणी, समोर आरसा, आणि हातावर पुठ्ठ्याचा आडोसा. हात थेट दिसत नाही, फक्त आरशात दिसतो. दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आरशात बघून वर न्यायला जावं, तर पेन्सिल खाली येते.

पहिल्या दिवशी आजीला सव्वाचार मिनिटं लागली. पेन्सिल 38 वेळा रेषेबाहेर गेली. साठ वर्षं दारात रांगोळी काढलेला तो हात चांदणीच्या कोपऱ्यावर थरथरत थांबला. "हात माझं ऐकेना गं," ती म्हणाली. (आता दारात रांगोळीचे स्टिकर चिकटवतात, ते मला मुळीच पटत नाही. चिमटीतून रांगोळी सुटायला हवी, सणाला तरी.)

दुसऱ्या दिवशी मी तोच पुठ्ठा मांडला. आजी म्हणाली, "हे काय आणलंस?" पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "हे काय गं, नवीन दिसतंय!" आणि त्या दिवशी तिनं पावणेदोन मिनिटांत चांदणी पुरी केली. चुका फक्त 11. तिला आठवत नव्हतं, पण हात शिकला होता. ऐकलंत ना? तिला आठवत नव्हतं, पण हात शिकला होता.

मला वाटलं, माझा प्रयोग बिघडला. आजी विसरली हे जर्नलमध्ये लिहूच नये, असंही मनात आलं. शेवटी भीतभीत लिहिलं. मॅडमनी ते पान दोनदा वाचलं आणि वर्गाला हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाची गोष्ट सांगितली. फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 साली त्याच्या मेंदूचा थोडा भाग दोन्ही बाजूंनी काढला. त्यानंतर नवं काही त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याच्याकडून तीन दिवस अशीच आरशातली चांदणी गिरवून घेतली. आधी कधी केल्याचं त्याला आठवायचं नाही, तरी हात दिवसेंदिवस सफाईनं चालायला लागला. स्मृती एकाच प्रकारची नसते, हे त्यातून पुढं आलं. गाईडमध्ये हे चार ओळींत उरकलेलं असतं. गाईडं वाचून हा विषय करू नये, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या त्या पानाच्या समासात मॅडमनी लिहिलं, "हे खोडू नकोस." ते जर्नल अजून माझ्या कपाटात आहे.

वेळ होत आली, तेव्हा कामाचं थोडक्यात. बी.ए. झालं म्हणजे समुपदेशक झालो, असं नाही. पुढे एम.ए. आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर त्यासाठीचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आणि प्रवेशाला जाल तेव्हा फी विचारालच, पण प्रयोगशाळा कुठं आहे तेही विचारा. आत जाऊन बघा. साहित्याच्या कपाटावर धूळ आहे की मुलांची बोटं उमटली आहेत, ते बघा.

नमस्कार.