टाचेतले चार थेंब

पत्रिकेवर विषय छापलाय ‘थायरॉइड आणि वजन’. त्यावर बोलतोच, पण आधी तान्ह्या बाळांबद्दल बोलू द्या. मुलांचा डॉक्टर म्हणून मला हे जास्त निकडीचं वाटतं.

सभागृहात आज्या बऱ्याच दिसतायत. ‘काही त्रास नाही हो, नुसतं झोपतं, गुणाचं बाळ’ असं नातवाबद्दल कोण कोण म्हणालंय? अरे वा, हातच हात! घाबरू नका, बहुतेक बाळं खरंच गुणाची असतात. माझ्याकडे साडेतीन महिन्यांचं एक बाळ आलं, त्याचंही असंच कौतुक चाललेलं. पाजायलासुद्धा उठवावं लागतं, म्हणे. मी दुपटं बाजूला केलं. अंग गार, कातडी कोरडी, बेंबी फुगलेली, जीभ ओठांबाहेर. रडलं तेही घोगरं. शी तीन-तीन दिवस नाही. जन्मानंतरची कावीळ महिना उलटला तरी उतरली नव्हती. कोवळं ऊन दाखवा, एवढाच सल्ला मिळालेला. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा रक्तातला घटक, थायरॉइड मंदावला की चढतो; याचा शंभराच्या वर निघाला. बाळंतपण मोठ्या खासगी रुग्णालयातलं. फाइलीत कापसापर्यंतची बिलं होती, टाचेच्या रक्ताची तपासणी तेवढी नव्हती. ‘तुम्ही मागितली नाही’, असं त्यांनी आईला सांगितलं. जे तिला माहीतच नाही ते ती मागणार कसं? मला आजही संताप येतो.

पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ थायरॉक्सिनवर, म्हणजे थायरॉइड ग्रंथीतून येणाऱ्या संप्रेरकावर चालते. पोटात असताना आईचं थोडं थायरॉक्सिन वारेतून मिळतं, म्हणून जन्मतः बाळ ठणठणीत दिसतं. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं शिकतं. उशीर झाला तर झालेलं नुकसान पुरतं भरून निघत नाही. आपल्याकडे साधारण हजार-अकराशे बाळांत एकाला जन्मतःच थायरॉइड मंद असण्याचा हा आजार असतो. टीपकागदावर वाळलेल्या थेंबातून तो ओळखायची पद्धत क्वेबेकमध्ये झाँ द्युसो यांनी १९७०च्या दशकात बसवली. टाच टोचायची, कागदावरची वर्तुळं भरायची, वाळवून प्रयोगशाळेत धाडायची. जन्मानंतर टीएसएच काही काळ आपोआप चढतो, म्हणून रक्त शक्यतो ४८ ते ७२ तासांनी घ्यायचं. बाळंतिणीला दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं की नेमकं हेच राहून जातं. शेजारच्या गोव्यानं सरकारी पातळीवर नवजात तपासणी २००८मध्ये सुरू केली होती. आपल्याकडेही ती प्रत्येक बाळाची, न मागता व्हायला हवी.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर वजन. थायरॉइड मंदावल्यानं वाढतं ते बहुधा दोन-पाच किलो, त्यातही मीठ-पाणी बरंच. वीस किलोंचं खापर त्याच्यावर फोडू नका, आणि बारीक व्हायला थायरॉक्सिन तर मुळीच घेऊ नका: छाती धडधडते, हाडं ठिसूळ होतात. पासष्टीपुढे टीएसएच जरासाच वाढलेला असेल तर गोळीनं थकवा कमी होत नाही, असं २०१७मधल्या ‘ट्रस्ट’ चाचणीत दिसलं. कोलेस्टेरॉल चढलंय? आधी टीएसएच बघून घ्या, कारण थायरॉइड मंदावला की तेही वाढतं.  

आणि थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाआधी निदान अर्धा तास. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी.